ओपिऑइड तडजोडीचे पन्नास अब्ज डॉलर: राज्यं त्यांचं करतात काय?

रारीटनकाठ | ६ डिसेंबर २०२५, २१:१०

न्यू जर्सीकरांपैकी काहींनी यंदाच्या उन्हाळ्यात आयर्विंग्टनची बातमी वाचली असेल. ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून आलेल्या पैशांपैकी सहा लाखांहून जास्त डॉलर या गावाने २०२३ आणि २०२४ मधल्या दोन संगीत मैफलींवर उडवले, असा ठपका राज्याच्या लेखानियंत्रकाने ठेवला. अहवालात पॉपकॉर्नची यंत्रं आहेत, बर्फाचे गोळे करायची यंत्रं आहेत, कलाकारांसाठी आलिशान ट्रेलर आहेत. गावाचं म्हणणं असं की ही व्यसनाविरुद्धची जनजागृती होती. जनजागृतीपर ऑर्केस्ट्रा आपल्याला काही नवीन नाहीत, त्यामुळे आधी हसूच आलं. मग मात्र हा पैसा येतो कुठून, पडतो कुणाच्या हातात आणि त्यावर लक्ष कोण ठेवतं, हे वाचत गेले. जे कळलं ते मांडते. वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांनी भर घालावी म्हणून धागा.

आधी मागचं थोडं. पर्ड्यू फार्माने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड वेदनाशामक बाजारात आणलं आणि त्याची सवय लागण्याचा धोका कमी आहे असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ मध्ये कंपनीने या दिशाभुलीचा गुन्हा कोर्टात कबूल केला, साठ कोटी डॉलरांहून जास्त रक्कम भरली आणि विक्री पुढे चालू ठेवली. पण दोष एकट्या पर्ड्यूचा नव्हता. घाऊक पुरवठादार आणि औषध दुकानांच्या मोठ्या साखळ्या यांनीही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. वेस्ट व्हर्जिनियातलं कर्मिट हे जेमतेम चारशे वस्तीचं गाव. तिथल्या एकाच दुकानात दोन वर्षांत नव्वद लाखांच्या आसपास हायड्रोकोडोन या ओपिऑइडच्या गोळ्या पोचल्या. माल पाठवणाऱ्याला हा आकडा दिसला नसेल?

मग खटले झाले. काउंट्या (राज्यातले जिल्हे), शहरं, मूलनिवासी जमाती मिळून तीन हजारांवर दावे क्लीव्हलंडच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश डॅन पोल्स्टर यांच्यापुढे एकत्र आले, राज्यांचे अॅटर्नी जनरल आपापल्या बाजूने लढत होतेच. जुलै २०२१ मध्ये पहिली मोठी तडजोड जाहीर झाली. मॅकेसन, कार्डिनल आणि अमेरिसोर्सबर्गन या तीन पुरवठादारांनी मिळून १८ वर्षांत २१ अब्ज द्यायचे, जॉन्सन अँड जॉन्सनने ५ अब्ज. पुढच्या वर्षी सीव्हीएस, वॉलग्रीन्स आणि वॉलमार्टचे १३ अब्जांहून जास्त ठरले. तेवा आणि अॅलर्गन या औषध कंपन्यांचे वेगळे. पर्ड्यूचं भिजत घोंगडं मात्र राहिलं. दिवाळखोरीत गेलेल्या पर्ड्यूच्या मालक सॅकलर कुटुंबाला पुढच्या दाव्यांपासून संरक्षण देणारी योजना सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ५ विरुद्ध ४ अशी फेटाळली. ७.४ अब्जांच्या नव्या योजनेला गेल्याच महिन्यात दिवाळखोरी न्यायालयाने मान्यता दिली. सगळं धरून बेरीज ५० अब्जांच्या पुढे जाते.

कुठल्या राज्याला किती, हे लोकसंख्या, ओव्हरडोसचे मृत्यू, व्यसनाने ग्रासलेल्यांची संख्या आणि तिथे किती गोळ्या पोचल्या यावरून ठरलं. राज्याच्या आत वाटणी कशी करायची हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. आमच्याकडे न्यू जर्सीत निम्मं राज्याला, निम्मं काउंट्या आणि गावांना. नॉर्थ कॅरोलिनात ८५ टक्के स्थानिक संस्थांना. ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात मोठा वाटा एका खास स्थापन केलेल्या खासगी प्रतिष्ठानाकडे.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. २६ अब्जांच्या करारात अट आहे की किमान ८५ टक्के रक्कम या संकटाच्या निवारणावर खर्च व्हावी. कशावर करता येईल त्याची लांबलचक यादी जोडली आहे: नॅलोक्सोन (ओव्हरडोसवरचा उतारा), औषधोपचार, गरोदर बायकांची आणि बाळांची काळजी, तुरुंगातले उपचार, सुया बदलून देणारी केंद्रं, प्रतिबंध. पण यादी बंदिस्त नाही, ‘इतर तत्सम’ला जागा आहे. आणि देशपातळीवर हिशेब कशाचा द्यायचा, तर जो पैसा निवारणासाठी वापरला *नाही* त्याचा! म्हणजे ‘आमचं सगळं निवारणातच गेलं’ असं म्हणणाऱ्या सरकारने काहीच सांगितलं नाही तरी करार मोडत नाही. ज्या राज्याने स्वतःहून जास्त कडक नियम केले तिथेच लोकांना काही कळतं.

तुमच्या राज्यात काय चित्र आहे?

गोळीवाला | ६ डिसेंबर २०२५, २२:३४

ताई, धागा चांगला काढलात. मी नॉर्थ कॅरोलिनात, एका छोट्या स्वतंत्र फार्मसीत. आमच्याकडची पद्धत त्यातल्या त्यात बरी आहे, का ते सांगतो.

काउंटीला पैसा मिळतो तो वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. खर्च करायचा तर निर्वाचित आयुक्तांनी जाहीर सभेत ठराव करायचा. ठरावात कुठला उपाय, किती रक्कम आणि कुठून कुठपर्यंतचा काळ हे तिन्ही लिहायचं. ‘व्यसनमुक्तीसाठी अमुक लाख’ असं मोघम चालत नाही. दोन वाटा आहेत. ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय अशा उपायांची छोटी यादी आहे, त्यातलं काही निवडलं तर सरळ मार्ग. लांब यादीतलं काही हवं असेल तर आधी सगळ्या संबंधितांना घेऊन नियोजनाची प्रक्रिया करा, अहवाल आयुक्तांसमोर ठेवा, मग पुढचं. ठराव आणि खर्च दोन्ही राज्याच्या संकेतस्थळावर येतात, कुणीही उघडून बघावेत. त्यामुळे पॉपकॉर्न पूर्णपणे टळेल असं नाही, पण पकडलं लवकर जाईल.

आता या तडजोडीची दुसरी बाजू, जी बातम्यांत क्वचित येते. पैशाबरोबर पुरवठादारांवर बंधनंही आली. प्रत्येक दुकानाला नियंत्रित औषधांची एक कमाल मर्यादा लावली जाते, ती ओलांडली की ऑर्डर कापली जाते. मर्यादा किती, हे आम्हाला सांगायचं नाही! महिन्याच्या अखेरीस कॅन्सरचा पेशंट समोर उभा असतो, घाऊकवाल्याच्या स्क्रीनवर ऑर्डर अडकलेली असते आणि फोनवरच्या माणसाला कारण विचारलं तर तो म्हणतो, सांगता येत नाही. कर्मिटला गोळ्यांचा पूर आला तेव्हा कुणी नळ बंद केला नाही, आता थेंब मोजतात. बंधनं हवीत, पण ती आंधळी असू नयेत.

शंकासूर | ७ डिसेंबर २०२५, ०८:०२

पुण्यातून बसून दोन शंका. एक, ज्यांची माणसं गेली त्यांना यातलं काय मिळालं? दोन, आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी उपकर गोळा होतो, त्या पैशातून काही राज्यांनी लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने झापलं होतं. तेव्हा ‘आपल्याकडेच असं होतं’ म्हणून आपण उसासे टाकले. तिकडेही तेच निघालं म्हणायचं.

आणि हो, यात भारतीय कंपन्या कुठे आहेत का? बनवतो तर आपण अर्ध्या जगाच्या गोळ्या.

रारीटनकाठ | ७ डिसेंबर २०२५, ०९:२०

@शंकासूर, आहेत. याच वर्षी जुलैमध्ये जेनेरिक बनवणाऱ्या आठ कंपन्यांशी राज्यांनी सुमारे ७२ कोटी डॉलरांची तडजोड जाहीर केली. सगळ्यात मोठा वाटा मायलनचा. त्या आठांत आपल्या मुंबईची सन फार्मा आहे, तिच्या वाट्याला साधारण तीन कोटी डॉलर, आणि अहमदाबादची झायडस, दीड कोटीच्या आसपास. एकूण हिशेबात किरकोळ, पण ‘हे सगळं अमेरिकन कंपन्यांचं पाप’ असं म्हणायची सोय नाही.

पहिल्या शंकेचं उत्तर: राष्ट्रीय तडजोडींतून व्यक्तींना थेट काहीही नाही. दावे सरकारांनी केले, पैसा सरकारांना. २६ अब्जांतून वकिलांसाठी दोन अब्जांवर बाजूला काढले गेले. पर्ड्यूच्या योजनेत मात्र पीडितांसाठी वेगळी रक्कम आहे, ८० कोटींहून जास्त. लाखभराहून अधिक दावेदारांत ती किती पुरणार, हे तुम्हीच ठरवा.

मंदाकिनी_कोलंबस | ७ डिसेंबर २०२५, १९:४५

ओहायोबद्दल लिहिते. मी इथे अंतर्गत औषधशास्त्राची डॉक्टर आहे, व्यसनाचे रुग्ण रोज बघते.

आमची वाटणी अशी: ५५ टक्के ‘वनओहायो रिकव्हरी फाउंडेशन’ला, ३० टक्के स्थानिक संस्थांना, १५ टक्के राज्याला. प्रतिष्ठान कागदोपत्री खासगी, ना-नफा. २९ जणांचं मंडळ, राज्याचे १९ विभाग, प्रत्येक विभागाची समिती. कल्पना वाईट नव्हती. विधानसभेच्या हातात दिलं तर राज्यांनी भलतीकडेच खर्चलेल्या तंबाखू तडजोडीच्या पैशासारखं होईल, म्हणून वेगळी संस्था. पण खासगी म्हटल्यावर कागदपत्रं मागितली की ‘आम्ही सरकारी नाही’ असं उत्तर. ‘हार्म रिडक्शन ओहायो’ नावाची संघटना कोर्टात गेली. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा सार्वजनिक पैसा, दस्तऐवज कायदा तुम्हाला लागू. संघटना जिंकली. आनंद साजरा करायला फारसा वेळ मिळाला नाही, कारण त्याच उन्हाळ्यात अर्थसंकल्पाच्या विधेयकात कलम घालून प्रतिष्ठानाला त्या कायद्यातून बाहेर काढलं. हजारो पानांच्या विधेयकात एक परिच्छेद. कोर्टात हरलं तर कायदाच बदलायचा. आपल्या लोकांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

पैसा कशावर जावा यावर माझं ठाम मत आहे. तीन औषधं आहेत: मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, नॅल्ट्रेक्सोन. त्यातल्या पहिल्या दोन औषधांनी मृत्यू खूप कमी होतात याचा पुरावा भक्कम आहे. ब्युप्रेनॉर्फिन लिहायला पूर्वी खास परवाना लागायचा, ती अट २०२२ च्या शेवटी गेली. तरी अनेक तुरुंगांत अजून ही औषधं मिळत नाहीत. माणूस आत जातो, कुढत कुढत अंगातून काढतो, शरीराची सहनशक्ती उतरते, आणि बाहेर आल्यावर जुन्या मापाने घेतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात घातक. ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये राज्यातल्या सगळ्या तुरुंगांत तिन्ही औषधं द्यायला सुरुवात केली, तर सुटलेल्या कैद्यांमधले ओव्हरडोसचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. तडजोडीच्या पैशाला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. तेच तुरुंग या पैशातून बॉडी स्कॅनर घेतात तेव्हा चीड येते.

शंकासूर | ८ डिसेंबर २०२५, ०७:३०

डॉक्टरीणबाई, पण तुरुंगात ड्रग्ज येऊ नयेत म्हणून स्कॅनर, यात गैर काय? तेही जीव वाचवतंच की.

मंदाकिनी_कोलंबस | ८ डिसेंबर २०२५, ०७:५८

गैर नाही. पण तो तुरुंगाच्या नेहमीच्या बजेटमधून यायला हवा. तडजोड झाली म्हणून आधी होत असलेला खर्च या खिशातून त्या खिशात सरकवायचा, हा खरा आजार आहे. इंडियानातल्या स्कॉट काउंटीचं उदाहरण बघा. २०१५ मध्ये सुयांमधून एचआयव्ही पसरला म्हणून देशभर गाजलेली काउंटी. तिथे तडजोडीच्या पैशातून आरोग्य अधिकाऱ्याचा आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचा पगार भागवला गेला. पगार आधीही होत होते, आता दुसऱ्या खात्यातून झाले. नवं काय मिळालं? बहुतेक राज्यांत याला साफ मनाई नाही, कारण राष्ट्रीय करारात ती घातलेलीच नाही.

फिलीकर | ८ डिसेंबर २०२५, २०:१६

पेनसिल्व्हेनियाची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्याकडे एक ट्रस्ट आहे. काउंट्यांना ७० टक्के मिळतात. त्यांनी आधी खर्च करायचा, अहवाल द्यायचा आणि *नंतर* ट्रस्ट सांगणार की हे नियमात बसलं की नाही. बसलं नाही तर पुढच्या हप्त्यांवर टाच. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्याचा प्रकार.

फिलाडेल्फियात केन्सिंग्टन नावाचा भाग आहे. उघड्यावर चालणाऱ्या ड्रग्जच्या बाजारासाठी बदनाम. शहराने २०२३ मध्ये तिथे सुमारे ७५ लाख डॉलर लावले: घरदुरुस्ती, भाड्याला मदत, शाळा, बागा, छोट्या दुकानदारांना अनुदान. म्हणणं असं की बाजार बाहेरून येणाऱ्यांचा, पण वीस वर्षं त्याच्या झळा सोसल्या इथल्या रहिवाशांनी, त्यांचं नुकसान भरून निघणं हेसुद्धा निवारणच. ट्रस्टने २०२४ मध्ये सांगितलं, नाही बसत. शहर कोर्टात गेलं.

मला इथे शहराची बाजू पटते. केन्सिंग्टनला एलिव्हेटेड रेल्वेच्या खाली फिरून बघा. शाळेत जाणारी मुलं फुटपाथवरच्या सुया चुकवत चालतात. त्या मुलांच्या शाळेचं मैदान नीट करणं हा अपव्यय कसा? यादीत ‘प्रतिबंध’ आहे ना?

मंदाकिनी_कोलंबस | ८ डिसेंबर २०२५, २१:०३

@फिलीकर, सहानुभूती आहे, सहमती नाही. या न्यायाने सगळंच प्रतिबंध ठरेल. आज मैदान, उद्या रस्ते, परवा आयर्विंग्टनची मैफल. मुलांना मैदान मिळावं, पण शहराच्या बजेटमधून. हा पैसा मर्यादित आहे, सुरुवातीच्या वर्षांत जास्त येतो, मग हप्ते बारीक होत जातात.

फिलीकर | ८ डिसेंबर २०२५, २१:२२

मैदान आणि मैफल एका तागडीत? असो. माझा मुख्य आक्षेप क्रमाला आहे. आधी विचारायची सोय ठेवा, नाही म्हणायचं तर आधी म्हणा. नंतर नाही म्हटलं की ज्या छोट्या संस्थांनी कामं केली त्या भरडल्या जातात. दुसऱ्या बाजूला, भीतीपोटी काउंट्या खर्चच करत नाहीत.

आबा_नाशिककर | ९ डिसेंबर २०२५, ०६:४८

मुलाकडे सहा महिने राहून नुकताच परतलोय, तिकडचं वाचायची सवय लागली. तंबाखूचा उल्लेख आला म्हणून थोडं.

१९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांनी ४६ राज्यांशी करार केला. पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज. खर्च कशावर करायचा याची अटच नव्हती. राज्यांनी काय केलं? तुटीचे अर्थसंकल्प भरले. काहींनी पुढची वर्षानुवर्षं येणारी रक्कम रोख्यांवर आधीच उचलून खाल्ली. न्यूयॉर्कच्या नायगारा काउंटीने गोल्फ मैदानाला पाणी मारायची यंत्रणा बसवली. नॉर्थ कॅरोलिनात काही भाग तंबाखूच्याच शेतकऱ्यांना गेला, त्याला निदान काही तर्क होता. आजही तंबाखूचा कर आणि तडजोड मिळून राज्यांना जे मिळतं त्यातले शंभराला तीनच्या आसपास डॉलर तंबाखू सोडवण्यावर आणि रोखण्यावर जातात. ओपिऑइड करारातली ८५ टक्क्यांची अट ही त्या अनुभवाची उपज आहे. म्हणजे लोक शिकले. अर्धवट शिकले, एवढंच.

नाव_नको | ९ डिसेंबर २०२५, २३:५१

खूप विचार करून लिहितेय. आमच्या जवळच्या नात्यातला मुलगा असाच गेला. कॉलेजात गुडघ्याचं ऑपरेशन, त्यानंतरच्या गोळ्या, मग गोळ्या मिळेनाशा झाल्यावर बाहेरून घेतलेल्या. त्या शेवटच्या गोळीत फेंटानिल होतं, अतिशय जहाल ओपिऑइड. मंडळात सगळ्यांना ‘झोपेत हार्ट अटॅक’ म्हणून सांगितलं. अजूनही तेच सांगतात. मी इथेसुद्धा दुसऱ्या आयडीने लिहितेय, यावरून समजा.

पैसे मिळाले नाहीत याचं दुःख नाही. त्याच्या आईला नॅलोक्सोन हा शब्दच माहीत नव्हता. खोलीचं दार उघडलं तेव्हा तो घोरल्यासारखा आवाज करत होता, तिला वाटलं गाढ झोपलाय, तिने पांघरूण सारखं केलं. तो आवाज म्हणजे श्वास अडकल्याची खूण असते, हे आम्हाला नंतर कळलं. जनजागृती म्हणजे हे एक वाक्य घराघरात पोचवणं. त्यासाठी ट्रेलर लागत नाही.

गोळीवाला | १० डिसेंबर २०२५, ००:२०

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचणाऱ्यांसाठी: नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा मार्च २०२३ पासून चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. विकत महाग पडतो, पण बऱ्याच काउंट्यांचा आरोग्य विभाग तो फुकट देतो, आणि तो साठा बऱ्याचदा याच तडजोडीच्या पैशातला असतो. घरात कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणी ओपिऑइड घेतंय, तर एक पाकीट आणून ठेवा. व्यसन असायलाच हवं असं नाही, म्हातारी माणसंही चुकून डबल डोस घेतात. माणूस शुद्धीवर येत नाही, ओठ निळसर, श्वास मंद किंवा तो घोरल्यासारखा आवाज: फवारा मारा, ९११ ला फोन करा, कुशीवर वळवा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा मारा. ओपिऑइड नसलं तरी अपाय होत नाही.

कट्टर_सोलापुरी | १० डिसेंबर २०२५, ०९:१५

माझं मत आवडणार नाही, तरी मांडतो. सुया वाटायच्या, बसून नशा करायला खोली द्यायची, एका औषधाऐवजी दुसरं औषध द्यायचं, याला निवारण म्हणायचं? ऱ्होड आयलंडने तर प्रॉव्हिडन्समध्ये असं केंद्र याच पैशातून उभं करायला मदत केली. करदात्याचा पैसा नसला म्हणून काहीही?

मंदाकिनी_कोलंबस | १० डिसेंबर २०२५, १२:४०

@कट्टर_सोलापुरी, मधुमेहाच्या रुग्णाला आयुष्यभर इन्सुलिन देताना ‘साखरेऐवजी दुसरं व्यसन’ असं आपण म्हणत नाही. प्रॉव्हिडन्सच्या केंद्रात कर्मचारी देखरेखीला असतात, श्वास मंदावला तर लगेच धावतात. मेलेल्या माणसावर उपचार करता येत नाहीत, एवढा साधा हिशेब आहे. तिथेच उपचाराची वाटही दाखवतात. तुम्हाला तत्त्वतः पटत नसेल तर ठीक, पण ‘याचा उपयोग होत नाही’ असं म्हणू नका. सुया बदलून देण्याच्या कार्यक्रमांनी एचआयव्ही रोखला जातो, हे स्कॉट काउंटीतच दिसलं.

रारीटनकाठ | १० डिसेंबर २०२५, २१:३०

न्यू जर्सीचं पुढचं प्रकरण सांगायचं राहिलं, आणि ते मैफलींपेक्षा गंभीर आहे. राज्याच्या वाट्याचा पैसा कसा वापरावा हे सुचवायला २०२२ पासून सल्लागार परिषद आहे. जनतेची मतं घेतली, सुनावण्या झाल्या, शिफारशी आल्या. आणि या जूनमध्ये अर्थसंकल्प मंजूर होताना विधिमंडळाने त्यातले साडेचार कोटी डॉलर चार मोठ्या रुग्णालय समूहांकडे वळवले. राज्याचे अॅटर्नी जनरल मॅथ्यू प्लॅटकिन यांनी उघड विरोध केला. ज्यांच्या कार्यालयाने हे पैसे मिळवले त्यांनीच. समर्थकांचं म्हणणं, केंद्राने मेडिकेडला (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) कात्री लावली आहे, रुग्णालयं टिकली नाहीत तर व्यसनाचे रुग्ण तरी जाणार कुठे?

हा युक्तिवाद पूर्ण फोल नाही. व्यसनाच्या उपचारांचा मोठा भार मेडिकेडच उचलतं. पण मैफलीच्या बाबतीत लेखानियंत्रक तरी होता. इथे सगळं कायदेशीर, मतदान होऊन. काउंट्यांना आमच्याकडे दरवर्षी अहवाल द्यावा लागतो, प्रत्येक काउंटीत सल्लागार परिषद आहे, आणि राज्याच्या विधिमंडळाला एका रात्रीत एक ओळ लिहून पैसा फिरवता येतो. तेव्हा शंकासूर विचारतील त्याआधीच सांगते, इथेही भारतासारखंच आहे.

शंकासूर | ११ डिसेंबर २०२५, ०७:१०

मी एवढंच विचारणार होतो की एकूण खर्च तरी किती झाला?

फिलीकर | ११ डिसेंबर २०२५, ०७:४४

२०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत राज्यं आणि स्थानिक संस्थांकडे सहा अब्जांहून जास्त आले. त्यातला साधारण तिसरा हिस्सा खर्च झाला किंवा कशासाठी तरी ठरवून ठेवला गेला. केएफएफ हेल्थ न्यूज ही वृत्तसंस्था, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि व्यसनाच्या प्रश्नावर काम करणारी शॅटरप्रूफ ही संस्था यांनी मिळून एकेक राज्याचे कागद गोळा करून हे काढलं. सरकारने नव्हे, पत्रकार आणि संशोधकांनी! बाकीचा पडून, म्हणजे बुडाला असं नाही. १८ वर्षं पुरवायचा तर सावकाश जायला हवंच. पण ‘नियोजन चालू आहे’ असं तीन वर्षं म्हणणाऱ्या काउंट्याही आहेत, आणि त्या काळात माणसं मरत होती.

मृत्यू कमी होतायत हे खरं. २०२२ मध्ये देशभरात ओव्हरडोसने एक लाख आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, २०२४ मध्ये ऐंशी हजारांच्या आसपास. श्रेय कुणाचं यावर भांडण आहे: नॅलोक्सोन, उपचार, फेंटानिलच्या पुरवठ्यातले बदल. धोका हा की आकडे उतरलेले दिसले की राजकारणी म्हणणार, आता हा पैसा दुसरीकडे लावू.

टेक्सन_तात्या | ११ डिसेंबर २०२५, २३:०५

उशिरा आलो. ह्यूस्टनचा कुणी आहे का? आमच्याकडे काय व्यवस्था आहे?

रारीटनकाठ | १२ डिसेंबर २०२५, ०८:२५

तात्या, टेक्सासात १५ टक्के थेट काउंट्या आणि शहरांना, १५ टक्के राज्याला, आणि ७० टक्के राज्याच्या कंट्रोलरच्या कार्यालयातल्या एका परिषदेकडे. परिषदेच्या बैठका जाहीर असतात. तुमच्या काउंटीचं बघायचं तर कमिशनर्स कोर्टाच्या (काउंटीचा कारभार पाहणारं मंडळ) विषयपत्रिकेत ‘ओपिऑइड अबेटमेंट’ (निवारण) असा शोध घ्या. कागद हाती आला की एक पाहा: ‘ठरवलेली रक्कम’ आणि ‘प्रत्यक्ष खर्च’ हे वेगळे आकडे असतात, अनेकदा पहिलाच छापून आणतात. आणि कुणाला दिले त्या संस्थेचं नाव नसेल, नुसतं ‘सेवा’ लिहिलं असेल, तर लेखी विचारा. मिळालं तर इथे टाका.